वीसपैकी अठरा, तरी नापास

बाई, सप्रेम नमस्कार.

माझं माहेर गडहिंग्लजचं, सासर करवीर तालुक्यातलं. गेली नऊ वर्षं आम्ही मेलबर्नला असतो. सासऱ्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं म्हणून दोन महिन्यांसाठी मी कोल्हापुरात आले आहे, राजारामपुरीत दिरांच्या घरी. परत गेल्यावर लगेच माझी ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची परीक्षा आहे. मिस्टर आणि मुलगी मागच्या वर्षीच पास झाले, दोघांची शपथही झाली. मी तेव्हा भीतीनं अर्जच केला नव्हता.

माझं शिक्षण बारावीपर्यंत, सगळं मराठीत. तिथे मी एका बेकरीत काम करते. बोलण्यापुरतं इंग्रजी येतं, पण छापील वाचायला घेतलं की घशाला कोरड पडते. सरकारी पुस्तक तीनदा वाचलं. तारखा, झेंडे, फुलं, रंग, सगळं पाठ केलं. परवा मोबाईलवर सराव परीक्षा दिली, वीसपैकी अठरा आले आणि खाली लाल अक्षरांत 'नापास'. मुलीला फोन केला. ती म्हणाली, मूल्यांचे पाच प्रश्न असतात, त्यातला एकही चुकून चालत नाही, आणि तुझा त्यातलाच एक चुकलाय. ऑस्ट्रेलियात कुणाशी लग्न करायचं हे कोण ठरवतं, असा प्रश्न होता. मी 'आई-वडिलांच्या संमतीने' हा पर्याय निवडला होता. मोठ्यांचा मान राखणं हेही मूल्यच ना? मुलगी हसेल असं वाटलं होतं. ती गप्प बसली. ती तेवीस वर्षांची आहे, आणि तिच्या मनात कोणीतरी आहे असा मला संशय आहे.

दुसरी गोष्ट सासऱ्यांची. ते गावच्या ग्रामपंचायतीत दहा वर्षं सदस्य होते. मी पुस्तक घेऊन बसले की कॉटवरून नुसते बघत राहतात. परवा म्हणाले, "म्हंजे सूनबाई, आता तू हितली न्हाईस व्हय?" मला उत्तर सुचलं नाही. दूध उतू जातंय म्हणून आत गेले.

पाठांतर कसं करू, आणि त्यांना काय सांगू?

एक वाचक, मुक्काम राजारामपुरी

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पण मला त्यात तीन दिसल्या. तिसरी तुमच्या मुलीच्या गप्प बसण्यात आहे. ती शेवटी घेते, कारण त्याआधी परीक्षेची भीती थोडी उतरायला हवी.

परीक्षेचा हिशेब असा. प्रश्न वीस, वेळ 45 मिनिटं, पास व्हायला 75 टक्के, म्हणजे पंधरा उत्तरं बरोबर हवीत. 2020 च्या 15 नोव्हेंबरपासून त्यात ऑस्ट्रेलियन मूल्यांवरचे पाच प्रश्न घालण्यात आले आणि ते पाचही बरोबर यायलाच हवेत असा नियम झाला. त्यामुळे पंधरा मार्कांचा माणूस पास होऊ शकतो आणि अठरा मार्कांचा नापास. उरलेल्या पंधरा प्रश्नांत पाच चुका माफ आहेत, मूल्यांत एकही नाही. तुम्ही मात्र सगळा जोर तारखा, फुलं आणि रंगांवर लावलात. गोल्डन वॉटल हे राष्ट्रीय फूल आहे, ओपल हे रत्न आहे, हे यावंच. पण त्याला एक संध्याकाळ पुरते.

वेळेचीही धास्ती घेऊ नका. एका प्रश्नाला दोन मिनिटांहून जास्त वेळ मिळतो. एकदा नाही जमलं तर परीक्षा पुन्हा देता येते. आणि अभ्यास फक्त सरकारी पुस्तकाचा करा. 'अवर कॉमन बाँड' नावाचं ते पुस्तक फुकट उतरवून घेता येतं. त्यातल्या पहिल्या चार भागांवरच प्रश्न येतात: देश आणि तिथली माणसं, लोकशाहीच्या श्रद्धा आणि हक्क, सरकार आणि कायदा, आणि मूल्यं. पुढचा भाग माहितीसाठी आहे. क्रिकेटपटू ब्रॅडमन त्या पुढच्या भागात आहेत. आपल्या कोल्हापूरकरांना ते आधी वाचावेसे वाटतात, पण ते पास झाल्यावर वाचा. मोबाईलवरची सराव परीक्षा जुनी नाही ना, तेही बघा. राणी एलिझाबेथ 2022 च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. तुमच्या त्या सरावात राष्ट्रप्रमुख म्हणून अजून राणी असेल तर ते ॲप आजच काढून टाका. आता राजा चार्ल्स तिसरे आहेत.

आता पाठांतराबद्दल. मी तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. आमच्याकडे नागरिकशास्त्र म्हणजे पोर्शन उरकायचा विषय, फेब्रुवारीत घाईघाईनं घ्यायचा. राज्यसभेचे सदस्य किती, हे माझी मुलं झोपेतून उठवलं तरी सांगायची. पण गल्लीतलं गटार तुंबलं तर अर्ज कुणाकडे करायचा, हे त्यातल्या बऱ्याच जणांना सांगता आलं नसतं. ते मी शिकवायला हवं होतं आणि शिकवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचं पत्र वाचून म्हणूनच लिहायला बसले. तुम्ही त्याच पद्धतीनं शिकलात आणि आज परक्या देशाचं पुस्तक पुन्हा त्याच पद्धतीनं पाठ करताय.

खरं तर त्या पुस्तकातलं अर्धं तुम्हाला मराठीत येतं. लेजिस्लेटिव्ह, एक्झिक्युटिव्ह, ज्युडिशियल हे शब्द बघून तुमच्या घशाला कोरड पडली असणार. हे आपलं कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ. शाळेत शिकलेलं. तिघांच्या हाती वेगवेगळी सत्ता द्यायची, म्हणजे कुणा एकाचा माज वाढत नाही. तिथेही मंत्री संसदेतूनच येतात, आपल्यासारखेच. सरकारचे तीन थरही ओळखीचे आहेत. कचरा, गल्लीतले रस्ते, बागा हे कौन्सिलकडे, जशी आपल्याकडे महापालिका. दवाखाने, शाळा, पोलीस राज्याकडे. संरक्षण, चलन, परदेश व्यवहार, आणि तुमचा स्वतःचा व्हिसा केंद्राकडे. तुमच्या बेकरीसमोरचा कचऱ्याचा डबा कोण उचलतं आणि तुमचा अर्ज कोण तपासतं, एवढं डोळ्यांसमोर आणलं तरी त्या धड्यावरचे प्रश्न सुटतात.

जिथे वेगळं आहे तिथे मात्र थांबा. परीक्षेत गोंधळ तिथेच होतो, कारण आपलं डोकं आपल्याकडचं उत्तर पुढे करतं.

सेनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरिष्ठ सभागृह घ्या. ते राज्यसभेसारखं वाटतं, पण तसं नाही. राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 सदस्य आणि गोव्याचा एक, म्हणजे लोकसंख्येवर मोजमाप. सेनेटमध्ये प्रत्येक राज्याचे बाराच. न्यू साउथ वेल्सचे बारा आणि चिमुकल्या तस्मानियाचेही बारा. सहा राज्यांचे 72 आणि दोन प्रदेशांचे दोन-दोन, असे 76. शिवाय राज्यसभेवर आमदार पाठवतात, सेनेटरला मात्र लोक थेट मत देतात. मोठ्या राज्यांनी लहानांना दाबू नये म्हणून ही रचना. वाटणी समान का, हे एकदा कळलं की 76 हा आकडा वेगळा पाठ करायला लागत नाही, तो बेरीज करून येतो.

राज्यघटना बदलण्याचंही तसंच. आपल्याकडे संसद विशेष बहुमतानं घटनादुरुस्ती करते, काही कलमांना निम्म्या राज्यांची मान्यता लागते. लोकांना कुणी विचारायला येत नाही. तिथे सार्वमत घ्यावं लागतं, आणि ते दुहेरी बहुमतानं जिंकावं लागतं: देशभरातल्या मतदारांचं बहुमत, शिवाय सहापैकी किमान चार राज्यांत बहुमत. 1901 पासून 45 प्रस्ताव लोकांसमोर गेले, त्यातले फक्त आठ मंजूर झाले. त्या आठांतलं 1967 चं नीट वाचा. तिथले मूळ रहिवासी, ॲबोरिजिनल लोक, जनगणनेच्या आकड्यांत धरलेच जात नव्हते. ती तरतूद काढायची का, असं विचारल्यावर नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. स्वतःच्या घटनेतली चूक लोकांनी मतपेटीतून दुरुस्त केली.

मतदानही वेगळं. आपल्याकडे तो हक्क आहे, तिथे अठरा वर्षांवरच्या नागरिकाचं ते कायद्यानं बांधलेलं कर्तव्य आहे. मत दिलं नाही आणि सबळ कारण नसेल तर दंड होतो. शिवाय एका बटणावर काम भागत नाही. कागदावर उमेदवारांसमोर पसंतीचे आकडे घालायचे: एक, दोन, तीन. मुलीला सांगून एखाद्या जुन्या मतपत्रिकेचा नमुना मागवा आणि एकदा हातानं आकडे घालून बघा. हातानं केलेलं विसरत नाही.

राजा आणि गव्हर्नर जनरल यावर फार वेळ घालवायला नको. राजा राष्ट्रप्रमुख, त्याच्या वतीनं देशात गव्हर्नर जनरल, कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचा. मान एका ठिकाणी आणि कारभार दुसऱ्या ठिकाणी, हे कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रजीचं काय करायचं ते एका प्रसंगातून सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी अशीच माहेरपणाला आली असताना याच परीक्षेची तयारी करत होती. रोज दुपारी माझ्याकडे यायची. तिला सगळं येत होतं, तरी सोळा-सतराच्या पुढे जात नव्हती. एक दिवस तिच्या शेजारी बसून बघितलं. प्रश्न अर्धा वाचून होतो न होतो तोच तिची नजर खाली पर्यायांवर जायची आणि ओळखीचा शब्द दिसला की बोट तिथे. मी पोस्टकार्ड घेतलं आणि पर्याय झाकले. म्हटलं, आधी प्रश्न मोठ्यानं वाच. आता मराठीत सांग काय विचारलंय. आता मराठीतच उत्तर दे. मग पोस्टकार्ड एक-एक ओळ खाली सरकवायचं, आणि प्रत्येक पर्यायाला 'हे मी म्हणाले तेच आहे का' एवढंच विचारायचं. दुसऱ्याच दिवशी तिला कळलं की ती एका शब्दावर अडखळत होती: ओन्ली. 'मत फक्त पुरुषांना आहे', 'बोलण्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे' अशा वाक्यातला तो 'फक्त' तिच्या नजरेतून निसटायचा. मग तिनं तांबड्या पेन्सिलीनं ओन्ली, मस्ट, शुड, मे आणि नॉट या पाच शब्दांभोवती गोल करायला सुरुवात केली. पुस्तक संपेपर्यंत पेन्सिल बोटभर राहिली होती. ती पहिल्या फटक्यात पास झाली.

तुम्हीही तसंच करा. शंभर पानी वही घ्या, डाव्या पानावर पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य, उजव्या पानावर त्याचा अर्थ तुमच्या मराठीत. पुस्तकी मराठी नको, तुम्ही जावेशी बोलता ती. 'रूल ऑफ लॉ' समोर 'कायद्याचं राज्य' लिहून थांबू नका. 'आमदाराच्या पोरानं सिग्नल तोडला तरी पावती फाटते' असं लिहा. 'फेअर गो' समोर लिहा, 'कुणाचा पोरगा आहेस ते न विचारता संधी देणं'. हे एकेक वाक्य तुम्हाला स्वतःला सुचलं पाहिजे, तरच ते टिकेल. रोज आठ-दहा वाक्यं पुरेत.

आता मूल्यांचे प्रश्न, आणि तुमचं चुकलेलं उत्तर.

हे प्रश्न वरवर अगदी सोपे असतात. बायकोनं ऐकलं नाही म्हणून नवऱ्यानं हात उचलावा का? कुणी आपला अपमान केला तर त्याच्यावर हल्ला करायला लोकांना चिथवावं का? स्त्री-पुरुषांना समान संधी असावी का? धर्माचा नियम आणि देशाचा कायदा यांत वाद आला तर काय पाळायचं? वाचताना वाटतं, यात चुकण्यासारखं काय आहे? पण आपण चुकतो ते आपल्या घरातल्या सवयीमुळे. बाकीच्या चार प्रश्नांवर तुमचा हात अडला नाही. अडला तो तुमच्या स्वतःच्या घरात चालू असलेल्या प्रश्नावर. म्हणून मी याला इंग्रजीची चूक म्हणत नाही.

मोठ्यांचा मान राखणं हे मूल्य आहे का, असं तुम्ही विचारता. आहेच. ते सोडा असं तुम्हाला तिथे कोणी सांगत नाही. मुलीनं तुम्हाला विचारावं, तुम्ही तिला आपलं मत सांगावं, रुसावं, समजूत घालावी, हे सगळं त्या देशातही घरोघरी चालतं. प्रश्न कायद्याचा आहे: शेवटचा शब्द कुणाचा? तिथे उत्तर एकच, लग्न करणाऱ्या दोघांचा. बळजबरीचं लग्न हा तिथे गुन्हा आहे, मग बळजबरी करणारे आई-बाप असले तरी.

आणि हे उत्तर परकं आहे असं समजू नका. भारतातल्या कायद्याच्या परीक्षेत हाच प्रश्न आला असता तरी तुमचं उत्तर चुकलंच असतं. 1954 चा विशेष विवाह कायदा काढून बघा. मुलगी अठरा वर्षांची आणि मुलगा एकवीस वर्षांचा असला की आई-वडिलांच्या संमतीची अट त्यात कुठेही नाही. त्याच्याही आधी याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली होती. 1919 मध्ये त्यांनी घरातल्या बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध नियम केले. त्या काळात, घरातल्या मारहाणीकडे 'नवरा-बायकोचं आपापसातलं' म्हणून सगळं जग डोळेझाक करत असताना. 1902 च्या 26 जुलैला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा कायदा केला. तुमचं ते 'इक्वॅलिटी ऑफ ऑपॉर्च्युनिटी' नावाचं पान वाचताना दसरा चौकातला महाराजांचा पुतळा डोळ्यांसमोर आणा. ते पान तुमच्या गावचंच वाटेल.

त्या पुस्तकात 1902 हे साल दुसऱ्या कारणानं येतं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बायकांना केंद्राच्या निवडणुकीत मताचा आणि उभं राहण्याचा हक्क मिळाला. पण बहुतेक ॲबोरिजिनल बायकांना आणि पुरुषांना त्यातून वगळलं होतं, त्यांना केंद्राच्या निवडणुकीत मताचा हक्क 1962 मध्ये मिळाला. एकाच वर्षी तिथे काय झालं आणि इथे काय झालं, हे शेजारी शेजारी लिहून ठेवा. त्या देशाचीही मूल्यं पहिल्या दिवसापासून पूर्ण नव्हती, ती भांडून मिळवलेली आहेत, हे लक्षात आलं म्हणजे पुस्तक वाचताना आपण परीक्षेला बसलेले गरीब पाहुणे आहोत असं वाटत नाही.

मूल्यांचं उत्तर पटल्याशिवाय टिक करू नका, हा माझा आग्रह आहे. 'त्यांना हवं ते लिहू, मनात आपलं आपल्यापाशी' असं सांगणारे खूप भेटतील. परीक्षेत ते चालूनही जाईल. पण पास झाल्यावर तुम्ही उभ्या राहून शपथ घेणार आहात, की या देशाशी आणि इथल्या लोकांशी निष्ठा ठेवीन, त्यांच्या लोकशाहीच्या श्रद्धा माझ्याही आहेत, त्यांच्या हक्कांचा आणि स्वातंत्र्याचा आदर करीन, कायदे पाळीन. ती शपथ देवाचं नाव घेऊन किंवा न घेता, दोन्ही प्रकारे घेता येते. ती घेईपर्यंत पास झालेला माणूसही नागरिक नसतो. शपथ घेताना तुमची मुलगी समोर बसलेली असेल. तेव्हा तिच्या डोळ्यांत बघून ती वाक्यं म्हणता यावीत, यासाठी तरी आधी तिच्याशी बोला. फोनवर नको. मेलबर्नला पोचल्यावर, जेवणं झाल्यावर, दोघीच असताना. 'तो प्रश्न माझा चुकला, आता मला बरोबर उत्तर माहीत आहे' एवढ्यानं सुरुवात करा. पुढचं ती सांगेल. कदाचित मुलगा तुम्हाला आवडणार नाही. ते तिला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, बोलण्याचं स्वातंत्र्य त्याच पुस्तकात आहे.

सासऱ्यांचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला, कारण तो प्रेमानं विचारलेला आहे.

त्यांच्यापासून काही लपवू नका. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. दोन्ही एकाच वेळी ठेवता येत नाहीत. शपथ झाल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल, इथल्या मतदारयादीतून नाव काढून घ्यावं लागेल. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढलं की येण्या-जाण्याला आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, इथे राहता येतं. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येणाऱ्या जमिनीचं वेगळं आहे. तुमच्या सासरी शेती असेल, तर हा विषय आज ना उद्या निघणारच. मिस्टरांचं नाव सातबाऱ्यावर असेल तर परत जायच्या आत एखाद्या चांगल्या वकिलाला तो उतारा दाखवून या. घरात भांडण व्हायच्या आधी हे केलेलं बरं.

एवढं सांगून झालं की त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण विचारा. कोल्हापूर संस्थान 1949 च्या 1 मार्चला मुंबई राज्यात विलीन झालं. त्या दिवसापर्यंत तुमच्या सासऱ्यांचे वडील छत्रपतींची प्रजा होते. त्यांनी गाव सोडलं नाही, शेत सोडलं नाही, भाषा सोडली नाही, आणि तरी ज्या राज्याचे ते होते ते बदललं. तुमच्या पुस्तकातही तेच वर्ष आहे. 1949 च्या 26 जानेवारीपासून ऑस्ट्रेलियन नागरिकत्व अशी गोष्ट कायद्यात आली, त्याआधी तिथली माणसं नुसती ब्रिटिश प्रजा होती. दोन्हींत पाच आठवड्यांचं अंतर. करवीरच्या शेतकऱ्याचं राज्य आणि मेलबर्नच्या बेकरीवाल्याची कायद्यातली ओळख, दोन्ही एकाच हंगामात बदललं. ज्या माणसानं दहा वर्षं ग्रामपंचायतीत हात वर करून ठराव केलेत, त्याला यातली गंमत तुमच्या-माझ्याआधी कळेल.

तरी त्यांचा मूळ प्रश्न उरतोच: तू हितली न्हाईस व्हय? त्यासाठी त्यांना बरं वाटलं की एकदा रिक्षा करून महावीर उद्यानात घेऊन जा. तिथे पोलंडच्या निर्वासितांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांची शाळा होती, चर्च होतं. 1948 पर्यंत ते पांगले, कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियालाही. मग फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं त्याच जागेत आली आणि गांधीनगर उभं राहिलं, जिथे आज सगळा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. ती पोलिश मुलं म्हातारी झाली तरी कोल्हापूरला येत राहिली, छावणीची जागा शोधत राहिली. त्यांच्याकडे इथला कसलाच कागद नव्हता. ती इथली होती की नव्हती, हे सासऱ्यांनीच ठरवावं.

तुम्हाला काय वाटतं ते मात्र तुम्हीच त्यांना सांगायचं आहे, माझ्या शब्दांत नको. दूध उतू जात नसताना, त्यांच्या कॉटशेजारी बसून. नऊ वर्षांत तिथे तुम्हाला काय मिळालं, काय खुपलं, 26 जानेवारीला तिकडे सुट्टी असते तेव्हा तुम्हाला घरचं झेंडावंदन आठवतं का, तेही. त्या दिवसाचं तिकडचं दुःखही सांगा. 1788 मध्ये त्या तारखेला ब्रिटिश कॅप्टन आर्थर फिलिपचा जहाजांचा ताफा सिडनीच्या खाडीत उतरला, म्हणून मूळ रहिवाशांपैकी अनेक जण तो दिवस शोकाचा मानतात. म्हातारी माणसं अशा गोष्टी लक्ष देऊन ऐकतात.

आणि त्यांना कामाला लावा. पडून पडून माणूस कंटाळतो. रोज दुपारचं औषध झालं की वही त्यांच्या हातात द्या, उजव्या पानावरचं मराठी वाक्य त्यांनी वाचायचं, डाव्या पानावरचं इंग्रजी तुम्ही न बघता म्हणायचं. उद्या सेनेटपासून सुरुवात करा. लहान राज्यालाही बारा आणि मोठ्यालाही बारा, हे त्यांना आधी पटणार नाही, ते वॉर्डातल्या घरांचा हिशेब मांडतील आणि तुमच्याशी वाद घालतील. वाद घालू द्या. त्यांना पटवून देता आलं की तो धडा तुमचा झाला. परीक्षेचं काय झालं ते कळवा, आणि सासऱ्यांनी सेनेटबद्दल काय निकाल दिला तोही.